शिडाच्या होडीला ब्रेक नसतो

जोशुआ स्लोकम हा दर्यावर्दी १८९५ साली ‘स्प्रे’ नावाची शिडाची होडी घेऊन अमेरिकेहून एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाला, आणि सुरुवातीलाच ग्लॉस्टर बंदरात त्याची कसोटी लागली. वारा जोराचा, मदतीला दुसरा माणूस नाही, होडीला इंजिनही नाही. होडी धक्क्यावर आदळणार असे दिसताच म्हातारे मच्छीमार धावत आले. स्लोकमने सुकाणूचे चाक सोडले, झटकन पुढे जाऊन पुढचे शीड उतरवले. होडी आपसूक वाऱ्याकडे वळली आणि धक्क्याच्या खांबाला अलगद टेकली. अनर्थ कसा टळला हे आपल्यालाच धड कळले नाही, असे त्याने पुढे लिहिले. मला मात्र यात नशिबाचा भाग थोडाच दिसतो. पुढचे शीड होडीचे नाक वाऱ्यापासून दूर लोटते, डोलकाठीमागचे मोठे शीड ते वाऱ्याकडे ओढते. पुढचे उतरले की मोठ्याचेच चालते. नाक वाऱ्यात जाते, शीड नुसते फडफडू लागते आणि होडीला पुढे नेणारा वाराच तिला समोरून रोखू लागतो. एकट्याने शिडावर होडी धक्क्याला लावायची, तर वेग कुठे आणि कसा संपवायचा हे आधी ठरले पाहिजे; बाकी सारे त्यामागून येते.

मग लांबूनच शिडे उतरवून हळूहळू का येऊ नये? कारण सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच ते होडी वळवते. वेग फारच कमी झाला की सुकाणू हातात असून नसल्यासारखे. उलट वेग दुप्पट झाला तर आदळण्याची ऊर्जा चौपट होते. पायाने थोपवता येईल असे वाटणारी होडी मग पाय मोडू शकते. म्हणून वारा तिरका समोरून घेत यावे, शिडाचा दोर कधी ढिला सोडावा, कधी किंचित ओढावा. वारा पाठीमागून असेल तर हा उपाय चालत नाही: दोर कितीही सोडला तरी मोठ्या शिडाखालची आडवी काठी डोलकाठीच्या तारांना अडते, शीड वारा धरूनच राहते. अशा वेळी मोठे शीड बाहेरच उतरवून छोट्या पुढच्या शिडावर आत यावे. पाण्याची ओढही पाहावी लागते. मुंबईसारख्या बंदरात, जिथे मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, तिथे ओढ वाऱ्यापेक्षा जोरकस असू शकते; मग तिच्या विरुद्ध तोंड करून लागणेच शहाणपणाचे.

इंजिन असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण इंजिनही दगा देते, आणि पुष्कळदा किनाऱ्याजवळच: पंख्यात जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिक अडकते, इंधनात पाणी जाते. तेव्हा शिडाचाच आधार उरतो, आणि तो मोकळ्या पाण्यात एखाद्या तरंगत्या बोयाशी आधी सराव केलेल्यालाच मिळतो. गच्च भरलेल्या मरीनात शिडावर शिरणे इतरांच्या होड्या धोक्यात घालणे आहे, हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तिथे बाहेर नांगर टाकून मदत मागवावी. जागा मोकळी असली तरी परत फिरायची वाट शेवटपर्यंत राखावी, आणि दोर आधीच तयार ठेवावेत. एकट्या माणसाने पहिला दोर होडीच्या मध्यावरचा बांधावा. नाकाचा आधी बांधला तर मागची बाजू वाऱ्याने बाहेर फिरते, आणि तिला आवरायला तिथे दुसरे कोणी नसते.