कावळा बसला आणि फांदी मोडली

दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असे होत नाही. हे सांगायची सोय आपल्या भाषेत फार जुनी आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. तिथे कावळा ताडावर येतो आणि नेमके तेव्हाच ताडाचे फळ पडते. म्हण सगळ्यांना पाठ असते. पण फांदी आपल्या घरावर पडली की ती आठवत नाही, आणि त्यात आईबापांना दोष देता येत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यात आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना लस द्यायची होती, म्हणून ती मुख्यतः शाळांतून दिली गेली. साहजिकच पालकांचे प्रश्न डॉक्टरांच्या आधी वर्गशिक्षकांकडे आले. ‘बाई, काही होणार नाही ना?’ या प्रश्नामागे अनेक तऱ्हांच्या अफवा असतात. त्यांतली एक मात्र अशी आहे की तिचे जन्मगाव आणि जन्मतारीख आपल्याला नक्की ठाऊक आहे. गोवराच्या लसीने चांगले बोलते-चालते मूल स्वमग्न होते, ही ती अफवा. तिची कथा आपण पाहू या, कारण पुरावा कशाला म्हणायचे हे तिच्याइतके स्वच्छ दाखवणारे उदाहरण सहसा सापडत नाही.

२६ फेब्रुवारी १९९८ रोजी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक पत्रकार परिषद झाली. तिथे आतड्यांच्या विकारांवर संशोधन करणारे डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी पालकांच्या मनात धडकी भरेल असे एक विधान केले. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची मिळून जी एकत्र लस देतात (तिला एमएमआर म्हणतात), तिच्याऐवजी तीन लसी वेगवेगळ्या द्याव्यात, असे ते म्हणाले. निमित्त होते ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात येणाऱ्या त्यांच्या लेखाचे. लेखात १२ मुलांची हकिकत होती. या मुलांना आतड्यांचा त्रास होता, शिवाय त्यांची वाढ मागे फिरल्यासारखी झाली होती. त्यांपैकी आठ मुलांच्या बाबतीत हा बदल लसीनंतर दिसू लागला, असे पालकांनी किंवा डॉक्टरांनी सांगितल्याची नोंद होती. गंमत अशी, की लस आणि हा विकार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, असे खुद्द लेखातच लिहिलेले होते. पण लेख वाचणारे थोडे आणि बातमी वाचणारे अनेक.

आता जरा थांबून विचार करू. १२ ऐवजी ५० मुले असती तर हा पुरावा पक्का झाला असता का?

ब्रिटनमध्ये एमएमआरचा पहिला डोस मूल साधारण सव्वा वर्षाचे होण्याच्या आत देत असत. स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या लक्षात येऊ लागतात तीही बहुधा दुसऱ्या वर्षातच. हाक मारली तर मूल वळून पाहत नाही, आलेले शब्द जातात, बोट दाखवून वस्तू मागत नाही. म्हणजे कावळा आणि फांदी यांची वेळ मुळातच एक आहे. एक साधे गणित करून पाहा. समजा, एका देशात वर्षाला ६ लाख मुले जन्मतात आणि त्यांतल्या ९० टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार मुलांना लस मिळते. समजा, दर हजारी ५ मुले स्वमग्न असतात, तर लस घेतलेल्यांत अशी २,७०० मुले निघतील. त्यांची लक्षणे दुसऱ्या वर्षाच्या ५२ आठवड्यांत सारखी विखुरलेली आहेत असे धरले, तर दर आठवड्याला सुमारे ५२ पालकांना पहिल्यांदा शंका येईल. मग लस टोचल्यानंतरच्या पंधरवड्यात अशी शंका आलेली शंभराहून अधिक घरे दरवर्षी सापडतील. लस पूर्णपणे निर्दोष असूनही! हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. ते बदलून मुलांकडून हेच गणित पुन्हा करून घेता येईल. त्या शंभर आईबापांतले कोणीही खोटे बोलत नसते. आणि लेख लिहायला बाराच पुरतात.

म्हणून लस घेतलेल्या आणि आजारी पडलेल्या मुलांकडे कितीही बारकाईने पाहिले तरी उत्तर मिळत नाही. फळ्यावर चार चौकोन काढावे लागतात. लस घेतली आणि विकार झाला, हा पहिला. लस घेतली पण विकार झाला नाही, हा दुसरा. लस घेतली नाही तरी विकार झाला, हा तिसरा. लसही नाही आणि विकारही नाही, हा चौथा. लंडनच्या लेखात फक्त पहिला चौकोन होता, तोही निवडून भरलेला. दही-साखर खाऊन परीक्षेला जाणाऱ्यांवर हाच प्रयोग वर्गात करता येतो. दही न खाता पास झालेल्यांची आठवण कोणी ठेवत नाही, हे मुलांच्या फार लवकर ध्यानात येते.

चारही चौकोन नीट भरायचे तर हजारो मुलांच्या नोंदी लागतात. डेन्मार्कमध्ये ते शक्य होते. तिथे प्रत्येक नागरिकाला जन्मापासून एक क्रमांक असतो आणि त्याच्या लसीची व रोगनिदानाची नोंद त्याच क्रमांकाखाली होते. १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तिथल्या संशोधकांनी तपासून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ८२ टक्के मुलांनी लस घेतली होती, बाकीच्यांनी नाही. दोन्ही गटांत स्वमग्नतेचे प्रमाण सारखेच होते. २०१९ मध्ये त्याच देशात ६,५७,४६१ मुलांवर पुन्हा अभ्यास झाला. ज्यांच्या भावंडाला स्वमग्नता आहे अशी मुले यात वेगळी काढून पाहिली, कारण लसीने काही होणारच असेल तर ते अशा मुलांत आधी दिसावे. तिथेही फरक आढळला नाही.

जपानची गोष्ट तर प्रयोगशाळेत मांडावी इतकी चपखल आहे. तिथे १९९३ मध्ये एमएमआर देणे बंद झाले. मग स्वमग्नता घटायला हवी होती. योकोहामा शहराच्या एका भागातल्या ३१,४२६ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लस थांबल्यानंतर जन्मलेल्या मुलांतही निदानाचे प्रमाण वाढतच गेले होते. कावळा उडून गेला होता तरी फांद्या मोडत होत्या. (निदान का वाढले? व्याख्या व्यापक झाली आणि डॉक्टर व शिक्षक अशी मुले अधिक ओळखू लागले, हे एक मोठे कारण आहे.)

जपानने ती लस का थांबवली, हेही सांगायला हवे. नाहीतर आमच्यावर अर्धे सत्य सांगितल्याचा आरोप येईल. त्या लसीत गालगुंडाच्या विषाणूचा ‘उराबे’ नावाचा वाण वापरलेला होता. त्यामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाचा दाह होतो, असे आढळले. हा दाह बहुधा आपोआप बरा होणारा असतो, पण तो लसीमुळेच होत होता. ब्रिटननेही १९९२ मध्ये हा वाण असलेल्या लसी काढून घेतल्या आणि दुसऱ्या वाणाची लस चालू ठेवली. म्हणजे लसीचा दोष असेल तर तो सापडतो आणि कबूलही केला जातो. सापडतो तो लस घेतलेल्यांची इतरांशी, एका वाणाची दुसऱ्या वाणाशी तुलना करूनच. ज्या पद्धतीने उराबे दोषी ठरला, त्याच पद्धतीने स्वमग्नतेच्या आरोपातून एमएमआर सुटली.

आता वेकफिल्ड यांच्याकडे वळू. ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४ मध्ये ‘संडे टाइम्स’मध्ये पहिला गौप्यस्फोट केला. लस बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या एका वकिलाने लेखाच्या दोन वर्षे आधीच वेकफिल्ड यांना कामाला लावले होते. त्या कामाचे त्यांना खर्च वगळून ४,३५,६४३ पाऊंड मिळाले, हे पुढे उघड झाले. १९९७ मध्येच त्यांनी स्वतःच्या एका पर्यायी गोवर-लसीच्या पेटंटसाठी अर्ज केलेला होता. २००४ मध्येच लेखाच्या १३ लेखकांपैकी दहा जणांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतले. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेत अडीच वर्षांहून अधिक काळ सुनावणी चालली. मुलांवर गरज नसताना आतड्यांच्या दुर्बीण-तपासण्या आणि पाठीच्या कण्यातून पाणी काढण्यासारख्या चाचण्या केल्याचे परिषदेने नोंदवले. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या मुलांना पाच-पाच पाऊंड देऊन त्यांचे रक्त घेतल्याचेही सिद्ध झाले. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने लेख मागे घेतला आणि मे महिन्यात वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून खोडले गेले. पुढच्या वर्षी डीअर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुलांच्या मूळ नोंदी आणि लेख शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आधी पूर्ण निरोगी म्हटलेल्या १२ मुलांपैकी पाच जणांच्या वाढीबद्दलच्या शंका लसीच्या आधीच कागदावर होत्या.

हे सगळे वाचून संताप येतो आणि तो योग्यच आहे. पण वर्गात किंवा पालकसभेत ‘तो डॉक्टर लबाड होता, म्हणून त्याचे म्हणणे खोटे’ एवढ्यावर आपण थांबू नये, असे आम्हाला वाटते. लबाड माणूसही कधी खरे बोलतो आणि सज्जनही चुकतो. वेकफिल्ड ऋषितुल्य असते, त्यांनी एक पैसाही घेतला नसता, तरी डेन्मार्कचे आकडे तेच राहिले असते. शिवाय नुसत्या चारित्र्यावर उभा केलेला युक्तिवाद लगेच उलटतो. ‘सत्य सांगितले म्हणून व्यवस्थेने त्यांना संपवले’ असे त्यांचे अनुयायी म्हणतात आणि २०१२ चा निकाल पुढे करतात. त्या निकालात वेकफिल्ड यांच्या एका सहलेखकावरची कारवाई लंडनच्या उच्च न्यायालयाने रद्द केली, हे खरे आहे. पण ती परिषदेची कारणमीमांसा अपुरी होती म्हणून. लसीमुळे स्वमग्नता येते या म्हणण्याला आता कोणत्याही जबाबदार तज्ज्ञांचा पाठिंबा उरलेला नाही, हे त्याच निकालात न्यायाधीशांनी नोंदवले आहे. तेवढा भाग सहसा सांगितला जात नाही.

या मधल्या वर्षांत ब्रिटनमध्ये काय झाले? वृत्तपत्रांनी एका बाजूला वेकफिल्ड आणि दुसऱ्या बाजूला एक सरकारी डॉक्टर असे तराजू मांडले. वाचकाला वाटले, मत निम्मे-निम्मे विभागलेले आहे. डिसेंबर २००१ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना त्यांच्या धाकट्या मुलाने लस घेतली का असे विचारले गेले. ती खासगी बाब आहे म्हणून त्यांनी उत्तर दिले नाही, आणि त्या मौनाचा लोकांनी हवा तो अर्थ लावला. दोन वर्षांच्या मुलांतले एमएमआरचे प्रमाण नव्वदीच्या दशकाच्या मध्यास सुमारे ९२ टक्के होते. २००३-०४ मध्ये इंग्लंडमध्ये ते ८० टक्क्यांवर आले.

बारा टक्क्यांची घट ऐकायला किरकोळ वाटते. पण उलट बाजूने मोजा. असुरक्षित मुले शेकडा ८ होती, ती २० झाली, म्हणजे अडीचपट. गोवर हा सर्वांत वेगाने पसरणाऱ्या रोगांपैकी आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण १५ धरू. या पंधरांतले १४ सुरक्षित असतील तर एकापासून एकालाच लागण होते आणि साखळी रेंगाळून तुटू शकते. पण शेकडा २० असुरक्षित असतील तर पंधरांतले तीन सापडतात. तिघांचे नऊ, नवांचे सत्तावीस. ९५ टक्के लसीकरणाचा आग्रह धरतात तो यासाठी. लस घेण्याचे वयच न झालेले तान्हे मूल आणि औषधांमुळे प्रतिकारशक्ती घटलेला रुग्ण, या दोघांना शेजारच्या मुलांच्या लसीखेरीज दुसरे संरक्षण नसते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९८ साली गोवराचे ५६ निश्चित रुग्ण होते, २००८ मध्ये १,३७० झाले. मधे २००६ मध्ये १३ वर्षांचा एक मुलगा गोवराने दगावला. १९९२ नंतर त्या देशात तीव्र गोवराने झालेला तो पहिला मृत्यू. २०१२-१३ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सी भागात साथ आली आणि १,२१९ रुग्णांची नोंद झाली. एक तरुण मरण पावला. या साथीत दहा ते अठरा वर्षांची मुले मोठ्या संख्येने होती, म्हणजे १९९८ च्या आसपास ज्यांची लस हुकली तीच. अफवेचे बिल पंधरा वर्षांनी आले.

वेकफिल्ड तोवर अमेरिकेत गेले होते. मिनेसोटा राज्यातल्या सोमाली वंशाच्या वस्तीत आपल्या मुलांत स्वमग्नता जास्त दिसते अशी काळजी होती. २०१० नंतर ते तिथल्या पालकांना अनेकदा भेटले. त्या समाजातल्या मुलांचे एमएमआरचे प्रमाण २००४ मध्ये ९२ टक्के होते, ते २०१४ पर्यंत ४२ टक्क्यांवर घसरले. २०१७ मध्ये त्या राज्यात गोवराचे ७५ रुग्ण सापडले, बहुतेक याच समाजातली मुले.

आपल्याकडे गोवर-रुबेलाचे दोन डोस आता नेहमीच्या लसीकरणात आहेत, पहिला ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा करोनाकाळात हुकलेल्या डोसांची आठवण सगळ्यांना झाली. आपल्या विद्यार्थ्यांची धाकटी भावंडे याच वयाची असतात, आणि ‘बाई, काही होणार नाही ना?’ हा प्रश्न पुन्हा येणारच. ‘काहीही होणार नाही’ असे उत्तर कृपया देऊ नका. टोचल्यावर हात दुखतो. साधारण सात ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, कधी अंगावर पुरळ उठते आणि दोन-तीन दिवसांत जाते. त्या तापात क्वचित, काही हजारांत एखाद्या मुलाला, झटका येतो. तो भीतिदायक असला तरी सहसा मागे काही ठेवत नाही. खुद्द गोवरात मात्र सुमारे हजारांत एका मुलाच्या मेंदूला सूज येते. हे आधी सांगून ठेवले असेल तर आठव्या दिवशी ताप आल्यावर आई घाबरत नाही. बाईंनी सांगितले होते तसेच झाले, असे म्हणते.