हत्यार कोणत्या देशाचें?

हत्यारांच्या पेठेंत गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माल कुठला? उत्तर 'जर्मन' असें आलें कीं घासाघीस थांबते. 'चिनी' असें आलें कीं नाक मुरडलें जातें. आणि 'आपलाच' असें आलें कीं कोणी अभिमानानें घेतो, तर कोणी त्याच कारणासाठीं किंमत पाडून मागतो. परंतु ज्या पोलादावर सुताराचें, लोहाराचें व फिटरचें पोट अवलंबून, त्या पोलादाला पाणी नीट दिलें आहे कीं नाहीं, हें क्वचितच कोणी विचारतो. सबब हत्यार घेतांना देशाच्या नांवास किती मान द्यावा, याचा आज विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इतिहास या बाबतींत मोठा बोधप्रद आहे. १८७६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत जर्मनीचा माल पाहून त्याच देशाचा प्रतिनिधि फ्रान्झ रोलो यानें, आपला माल स्वस्त आणि वाईट आहे, असा उघड अभिप्राय दिला. पुढें शेफील्डच्या कारखानदारांनीं तक्रार केली कीं, जर्मन चाकू-सुऱ्या आमच्या गांवाच्या नांवावर खपविल्या जातात. तेव्हां १८८७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून, ब्रिटिश भासणाऱ्या परदेशी मालावर त्याचें खरें मूळ छापणें भाग पाडलें. हेतु हा कीं, 'जर्मनींत बनविलेलें' हे शब्द वाचून गिऱ्हाइकानें हात आखडावा. परंतु झालें उलटेंच! मध्यंतरीं जर्मन कारखानदारांनीं आपलें काम सुधारलें होतें. आणि जो शिक्का डाग म्हणून लावला, तोच थोड्या वर्षांत भूषण ठरला. जपानची कथाही याच धर्तीची. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं ज्या देशाच्या मालाची स्वस्त म्हणून थट्टा होत असे, त्याच देशाचीं मापनयंत्रें व करवती आज जगभर विश्वासानें घेतल्या जातात. देश तेच, माती तीच. बदलली ती कारखान्यांतील शिस्त.

यावरून एक गोष्ट उघड होते. हत्यार देश घडवीत नाहीं, कारखाना घडवितो. पोलादांत कर्बाचें प्रमाण किती, तें किती तापविलें, पाणी देऊन पुन्हां बेतानें ऊन करून त्याचा ठिसूळपणा काढला कीं नाहीं, आणि बाहेर पडणारा प्रत्येक नग तपासला कीं नाहीं, या चार प्रश्नांवर सर्व भिस्त आहे. पाना फाजील कठीण झाला तर तुटतो. मऊ राहिला तर जबडे पसरून नटाचे कोपरे खातो. एकाच गांवांत दोन्ही प्रकारचे पाने बनतात. चीनमधील कारखानाही मागणी येईल तसा माल देतो. आयात करणाऱ्यानें दर पाडला कीं माल पडतोच. मग दोष त्या देशाचा कीं आमच्या हांवरेपणाचा?

शिवाय आज पोलाद एका देशाचें, घडाई दुसऱ्याची, आणि नांव तिसऱ्याचें असा प्रकार सर्रास चालतो. जुन्या कारखान्याचें नांव विकलें जातें, भट्टी दुसरीकडे जाते, आणि गिऱ्हाईक मात्र आजोबांच्या वेळच्या कीर्तीवर पैसे मोजतें. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा!

मग देशाच्या नांवाला कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, पण तो कायद्याच्या भाषेंत सांगावयाचा तर खंडनीय अनुमानाइतकाच. जर्मनींतील झोलिंगेन या गांवाचें नांव १९३८ पासून कायद्यानें रक्षिलें आहे. उत्पादनाचीं मुख्य कामें त्या परिसरांत झाल्याखेरीज तें नांव पात्यावर घालतां येत नाहीं. तेथें नांवामागें पुरावा उभा आहे. जेथें असा पुरावा नाहीं, तेथें नुसतें नांव म्हणजे साक्षीदाराविना कैफियत.

आतां स्वदेशीविषयीं. जालंधर, लुधियाना व नागौर येथें हातहत्यारें बनतात, राजकोटास लेथ बनतात, आणि त्यांतील पुष्कळ माल परदेशीं जातो. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला. त्यांच्या लोखंडी नांगराविषयीं शेतकरी आरंभीं साशंक होते. ती शंका अभिमानाच्या व्याख्यानांनीं फिटली नाहीं, नांगर शेतांत टिकला तेव्हां फिटली. हीच खरी स्वदेशी. समान गुणाचें हत्यार मिळत असेल, तर चार पैसे अधिक देऊनही तें आपलें घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु जो कारखानदार देशाभिमानाच्या आड कच्चें लोखंड विकतो, तो परकीय व्यापाऱ्याहून देशाचें अधिक नुकसान करितो. कारण त्याच्या एका पान्यानें फसलेला कारागीर सगळ्या देशी मालावरचा विश्वास गमावून बसतो. आणि सूक्ष्म मापाचें जें हत्यार आपल्याकडे अद्याप तोडीचें बनत नाहीं, तें परदेशीं घेण्यांत कमीपणा नाहीं. तसें येथें बनवा असा तगादा न लावण्यांत मात्र आहे.

गिऱ्हाइकाच्या हातीं साधनें आहेत. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर मूळ देश छापणें २०११ च्या वजनमापविषयक नियमांनीं बंधनकारक आहे. घरबसल्या विक्री करणाऱ्या संगणकीय दुकानांसही तो दाखवावा लागतो. भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आहे काय, तेंही पहावें. घाऊक माल घेण्यापूर्वीं एक नग घेऊन वापरावा. पटाशीच्या धारेवर कानस सहज चावली, तर पोलाद मऊ समजावें. पाना नटावर डुगडुगतां कामा नये. आणि पक्की पावती घ्यावी. ग्राहक आयोगापुढें तोंडी आश्वासनापेक्षां तिचें वजन अधिक.

व्यापारी बंधूंस आमची एवढीच विनंति कीं, मूळ देशाचें चिन्ह खरवडून माल विकूं नये, व वाईट देशी माल देशाच्या नांवानें गळ्यांत बांधूं नये. ज्याची रोजची कमाई एका हत्यारावर आहे, त्याच्याशीं केलेली लबाडी ही केवळ व्यापारांतील हुशारी नव्हे. ती त्याच्या मुलांच्या ताटांतील भाकरीची चोरी आहे.