अनुभवाधिष्ठित अभ्यासक्रमांची रचना आणि प्राध्यापक-प्रशिक्षण : मुळशी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प, कार्यप्रशिक्षण व समुदाय सहभाग यांना श्रेयांक देण्यात आले. व्याख्यानाच्या एका श्रेयांकास १५, तर प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकास ३० तास असतात. हे वाढीव तास कसे योजावेत, याचे प्रशिक्षण मात्र बहुसंख्य प्राध्यापकांना मिळालेले नसते. त्यामुळे प्रकल्प अहवालाची बांधीव प्रत सादर करण्यापुरता उरण्याचा धोका संभवतो.

पूर्वपीठिका :
ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार मांडला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (ता. शिरूर) येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे विद्यार्थी काम करीत शिकतात आणि गावास सशुल्क सेवाही देतात. सेवा घेणारा समोर असल्याने कामातील उणीव लपत नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमांनीही हेच तत्त्व स्वीकारणे आवश्यक आहे.

मुळशीची उपयुक्तता :
मुळशी तालुक्यात लवळे येथे विद्यापीठे, पिरंगुट परिसरात कारखाने, हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान, तर पश्चिमेस भातशेती आहे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखालील भिरा वीजकेंद्राकडे जाते. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल व अभियांत्रिकी या विषयांना येथे समान अभ्यासक्षेत्र लाभते.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
१) प्राध्यापकाने प्रथम स्वतः क्षेत्रकार्य करावे. उदाहरणार्थ, आंबेमोहोर भाताचा लावणीपासून विक्रीपर्यंतचा खर्च, मजुरी आणि भरडणीनंतर मिळणारा तांदळाचा उतारा यांची नोंद शेतकऱ्याकडे बसून घ्यावी. कोणता प्रश्न विचारता येत नाही व कोणती माहिती हंगामाबाहेर मिळत नाही, हे तेव्हाच उमगते.
२) त्यानंतर अपेक्षित कौशल्य, प्रत्यक्ष कृती आणि कौशल्याचा पुरावा यांची सांगड घालावी. दोन श्रेयांकांचे ६० तास पुढीलप्रमाणे विभागता येतील : पूर्वतयारी १२, क्षेत्रकार्य २८, विश्लेषण १२ व ग्रामस्थांसमोर मांडणी ८.
३) एकाच विद्यार्थ्याचे काम दोन प्राध्यापकांनी स्वतंत्रपणे तपासावे. गुणांत तफावत आढळल्यास तिच्या कारणांची चर्चा करावी. मूल्यमापनाचे निकष या चर्चेतून स्पष्ट होतात.

मर्यादा :
अशा अध्यापनास वेळ अधिक लागतो. कार्यभारात क्षेत्रकार्याचे तास मोजले न गेल्यास उत्साही प्राध्यापकही पुन्हा खडू-फळ्याकडे वळतील. तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे.

निष्कर्ष :
पोहणे व्याख्यानाने शिकविता येत नाही. कृतिशील अध्यापनाचेही तसेच आहे. प्राध्यापकांचे प्रशिक्षण सभागृहाबाहेर नेणे ही त्याची पहिली अट आहे. गावाकडून माहिती घेऊन निष्कर्ष गावास परत न देणारा अभ्यासक्रम शैक्षणिकदृष्ट्याही अपुरा ठरतो, कारण त्या निष्कर्षांची खरी परीक्षा ग्रामस्थच घेऊ शकतात.