दागिन्यांची लाकडी पेटी आणि तिचे कब्जे

लग्नसराईत वधूच्या जोड्यासोबत दागिन्यांची लाकडी पेटी देण्याची पद्धत आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. जोगेश्वरी, ओशिवरा, कुर्ला या भागांतले सुतारकाम करणारे आपले अनेक कारागीर अशा पेट्या हाताने बनवतात आणि आमच्यासारखे कापडवाले त्या घाऊक घेऊन विकतात. लाकूड, नक्षी, पॉलिश यावर सौदा करताना तासभर घासाघीस होते. कब्ज्यावर मात कोणी दोन मिनिटेही घालवत नाही. मराठीत ज्याला बिजागरी म्हणतात आणि हार्डवेअरच्या दुकानात कब्जा म्हणून मागतात, तीच ही वस्तू. पेटी परत येते ती बहुतेक वेळा याच दोन तुकड्यांमुळे.

प्रथम माझीच चूक सांगतो. एका हंगामात मी 40 पेट्या घेतल्या. सागवानी, आत आरसा लावलेल्या. कारागिराने त्या अस्तराशिवाय दिल्या होत्या. मखमल आमच्या दुकानातली, म्हणून अस्तर आम्हीच लावून घेतले आणि शोभेसाठी ते काठावरून बाहेर वळवले. दोन महिन्यांत 11 पेट्या परत आल्या. झाकण पुढून उघडे राहते, दाबून बंद केले की मागचे स्क्रू उपटून येतात, ही एकच तक्रार. मी कारागिराला दोष दिला आणि त्याचे उरलेले पैसे अडवून ठेवले. पुढे ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातल्या एका बुजुर्ग मिस्त्रींना पेटी दाखवली. त्यांनी मागच्या काठावरची मखमल ब्लेडने कापली, झाकण बंद केले, ते बरोबर बसले. ‘सेठ, कब्जे में नहीं, आपके कपड़े में खोट है,’ एवढेच म्हणाले. पैसे त्याच संध्याकाळी पोहोचवले.

असे का होते ते समजून घ्यावे. कब्ज्याला दोन पट्ट्या असतात, मध्ये नळी आणि नळीतून जाणारी खिळी. कब्जा मिटून दोन्ही पट्ट्या समांतर धरल्या की जी एकूण जाडी येते, तिच्या निम्मी खाच पेटीच्या काठाला आणि निम्मी झाकणाला घ्यायची असते. खाच उथळ राहिली तर मागे फट दिसते. जास्त खोल गेली तर मागचे लाकूड लाकडावर आधी टेकते, पुढचा भाग वर राहतो आणि झाकण दाबले की सगळा जोर स्क्रूवर येतो. काठावर मखमल वळवली की खाच खोल गेल्यासारखाच परिणाम होतो. खाच थोडी खोल गेलीच तर पट्टीखाली पुठ्ठ्याची पातळ चकती घालून काम भागते. त्यासाठी नवीन खाच मारण्याची गरज नाही.

आता माप. पेटीची बाजू साधारण 3 ते 4 सूत जाडीची असते. कब्ज्याची पट्टी त्या जाडीपेक्षा अरुंद हवी आणि स्क्रूची भोके लाकडाच्या मधोमध यायला हवीत. दाराला लावायचा कब्जा ‘मजबूत राहील’ म्हणून पेटीला लावणारे पाहिले आहेत. पट्टी आत डोकावते, स्क्रू काठाजवळ जातो आणि लाकूड चिरते. झाकणात जाणारा स्क्रू झाकणाच्या जाडीपेक्षा आखूड हवा, हे सांगण्याची गोष्ट नाही, तरी टोक वर आलेल्या पेट्या बाजारात मिळतात. एम.डी.एफ.च्या काठात तर स्क्रू धरतच नाही, फळी पानापानाने फाटते. पेटी एम.डी.एफ.ची असेल तर कब्ज्याच्या जागी आतून सागवानाची पट्टी चिकटवून घ्यावी.

धातूची पारख सोपी आहे. खिशात लोहचुंबक ठेवावे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आणि वर मुलामा. पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतच्या दमट हवेत मुलाम्याला चरा पडला की तिथून गंज सुरू होतो. लोखंडाच्या गंजाने लाकडावर काळा डागही उमटतो आणि तो पॉलिशखालून जात नाही. अलिगढ आणि जामनगर या दोन्ही ठिकाणचा पितळी माल मुंबईत येतो. मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला चार दुकाने फिरून, चुंबक लावून, डझनाने घेतला तर अस्सल पितळ आणि मुलामा यांतला फरक एका पेटीमागे दोन-चार कप चहाइतकाच पडतो. मात्र स्क्रूही पितळीच घ्यावेत. ते मऊ असतात, जोर लावला की मान तुटते. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढावा, मग पितळी स्क्रूला मेण किंवा साबण लावून बसवावा.

झाकणात आरसा असेल तर वजन वाढते. झाकण पूर्ण मागे पडले की हलकी पेटी उलटते आणि दागिन्यांसकट आरसा जमिनीवर. अशा पेटीला नव्वद अंशांच्या थोडे पुढे जाऊन थांबणारा कब्जा घ्यावा. तो न मिळाल्यास साधा कब्जा आणि बाजूला पितळी साखळी. लांब पेटीला अखंड पट्टीचा, ज्याला पियानो हिंज म्हणतात, तो चांगला, कारण वजन अनेक स्क्रूंवर वाटले जाते. पण मागचा काठ रंध्याने अगदी सरळ केलेला हवा.

आपल्या शहराला हे काम नवे नाही. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने इथल्या जडावाच्या पेट्या विलायतेत जात. लाकूड, हस्तिदंत, शिंग आणि धातूच्या तारा यांच्या काड्या एकत्र चिकटवून, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढून पेटीवर बसवत. जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 सालच्या ग्रंथात ही कला शिराजहून सिंधमार्गे आल्याचे लिहिले आहे. ज्यांना असे काम करायचे असेल त्यांनी एवढे पाहावे की स्क्रू वरच्या कापात नव्हे, खालच्या लाकडात धरला पाहिजे.

मी आता पेटीची ऑर्डर देताना मखमलीचा तुकडा सोबत पाठवतो. कारागीर तो काठावर ठेवून, त्याची जाडी धरून मगच खाच मारतो. आणि अस्तर तोच लावतो, आम्ही नाही.