लहान गावाचा जमाखर्च

मिरगाच्या तोंडावर घर शाकारायला माणसे बोलवायची म्हटले, की आमच्या घरात दरवर्षी एक वाद ठरलेला असतो. मुलगा पुण्याहून फोन करतो. "बाबा, आता त्या कौलांत पैसे घालू नका. घर काढून टाका आणि तुम्ही दोघं इकडे या. तिथं राहिलंय काय?" इतकी वर्षे मी हसून विषय बदलत असे. यंदा मात्र सौ.चे गुडघे दुखू लागले आणि तोच प्रश्न तिनेही विचारला. "मला इथंच बरं वाटतंय, खरं म्हातारपणी इथं कोण बघणार आपल्याला?"

माझे सारे आयुष्य विटा-कौलांच्या धंद्यात हिशेब लिहिण्यात गेले. प्रश्न अवघड झाला, की वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची आणि एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च मांडायचा, एवढीच विद्या मला येते. तशी ती मांडली. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत आज हाच प्रश्न आहे, म्हणून ती वही वाचकांपुढे उघडी करीत आहे.

आम्ही कुठल्या दक्षिणेचे?

आमचे गाव खानापूर. बेळगावहून लोंढ्याकडे निघाले, की पंचवीसएक किलोमीटरवर लागते. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती वीस हजारांच्या आतच होती. पुण्याच्या माणसाला आम्ही दक्षिणेकडचे वाटतो. बेंगळुरूच्या माणसाला आम्ही उत्तरेकडचे. इंग्रज या सगळ्या टापूला दक्षिणी मराठा मुलूख म्हणत. १८८२ साली जी रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिचे नावच 'सदर्न मराठा रेल्वे' असे होते. आमच्या स्टेशनावरून जाणारा लोंढा-मिरज मार्ग तिच्याच काळातला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याचा निकाल अजून लागायचा आहे. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, त्यांतल्या माणसांना रोज सकाळी उठून दूध, दवाखाना, शाळा आणि सातबारा-उताऱ्याचे व्यवहार मात्र करावेच लागतात. न्यायालयाच्या तारखेसाठी ते थांबत नाहीत. हा जमाखर्च त्या रोजच्या व्यवहारांचा आहे.

जमेची बाजू

पहिली जमा पाण्याची आणि मातीची. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, गावाच्या कडेने वाहते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. मराठी मुलखात जन्मलेली ही नदी कन्नड मुलखाची शेते भिजवते आणि त्याबद्दल अजून तरी तिला कोणी भाषा विचारलेली नाही. इथल्या मातीने कौले, विटा आणि मडकी दिली. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था याच गावात आहे, ती काही उगाच नव्हे.

दुसरी जमा बाजाराची. तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि लोंढ्याकडचा, पावसाचा आणि जंगलाचा. तिकडून भात, काजू, फणस, करवंदे येतात. पूर्वेचा बिडी, इटगी, पारिश्वाडकडचा भाग कन्नड बोलणारा, तिकडची ज्वारी येते. दोन्ही भागांतल्या बायका एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी टोपल्या मांडून बसतात. भाव मराठीत सुरू होतो, कन्नडमध्ये तुटतो आणि सुट्टे पैसे देताना दोघीही हसतात. आमच्या बोलीला त्यातूनच तिचे वळण मिळाले आहे. पुणेकर जिथे 'पण' म्हणतो, तिथे आम्ही 'खरं' म्हणतो. "येतो, खरं वेळ होईल." मुलाच्या कचेरीत या एका शब्दावरून त्याची पुष्कळ चेष्टा झाली. अण्णा, अक्का आणि अडकित्ता हे शब्द कुठून आले, हे त्या चेष्टा करणाऱ्यांना कोणी सांगायला हवे होते.

तिसरी जमा माणसांची, आणि ती सर्वांत मोठी. चार वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता सौ.ला दम लागला. मी शेजारच्या अण्णांचे दार वाजवले. घर कन्नड बोलणारे, चाळीस वर्षांचा शेजार. त्यांच्या मुलाने अंगात सदरा घालता घालता गाडी काढली आणि बेळगावच्या इस्पितळात पोचवले. अनामत रक्कम भरायला माझ्या खिशात पुरेसे पैसे नव्हते, ते त्यानेच भरले. पुण्याला मुलाच्या इमारतीत मी दोन महिने राहून आलो. समोरच्या दारावरची पाटी मला पाठ झाली. आतला माणूस एकदाही दिसला नाही.

खर्चाची बाजू

आता खर्च. तो लपवून चालणार नाही.

गावात पोरांना काम नाही. शिकलेला मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला जातो, कमी शिकलेला गोव्यात हॉटेलांत किंवा कारखान्यांत जातो. लग्नाच्या मुलीचा बाप 'मुलगा गावातच असतो' असे ऐकले की चहा संपवून उठतो. मोठ्या आजाराला बेळगाव गाठावे लागते. आम्हाला निदान रस्ता आहे. भीमगडच्या रानातल्या वाड्यांतून पावसाळ्यात आजारी माणूस अजूनही खांद्यावरून आणावा लागतो. शिवाय लहान गावात सगळ्यांना सगळे ठाऊक असते. ज्या शेजाऱ्याने रात्री गाडी काढली, त्याच आळीत माझ्या मुलाने मागे नोकरी सोडली, तेव्हा त्याची कारणे माझ्या आधी चारजणांना माहीत होती.

हे सारे खर्च देशातल्या कुठल्याही लहान गावाचे आहेत. आमच्या वहीत एक ओळ जास्तीची आहे. ती कागदाची.

माझे शिक्षण मराठीतून झाले. शाळेत कन्नड नावापुरते होते. बाजारात बोलण्याइतके मला येते, वाचता येत नाही. वडील गेल्यावर जमिनीची वारसानोंद व्हायची होती. वाटणी तोंडी झालेली, भाऊबंद आपलेच, म्हणून कोणी घाई केली नाही. एका कार्यालयाच्या फळ्यावर नोटीस लागली, ती अर्थातच कन्नडमध्ये. मी तिच्यापुढून दोनदा गेलो असेन. हरकतीची मुदत संपली. पुढे सोसायटीच्या कर्जासाठी उतारा काढला. २००० सालानंतर 'भूमी' योजनेखाली उतारे संगणकावर आले, आणि ते कन्नडमध्ये येतात. मी जन्माचा हिशेबनीस. एकर, गुंठे, आकारणी, सगळे आकडे मी नीट तपासले. ते बरोबर होते. मालकाच्या रकान्यातले नाव तेवढे मला वाचता आले नाही.

तो कागद शेजारच्या अण्णांच्या नातीने वाचून दाखवला. पोर तेव्हा सहावीत होती. "आजोबा, यात तुमचं नावच नाही," ती म्हणाली. एका सर्व्हे नंबरला फक्त चुलतभावाचे नाव लागले होते. त्याच्या मनात काही काळेबेरे नव्हते, त्यालाही तो कागद वाचता येत नव्हता. तरीही ते दुरुस्त व्हायला तीन वर्षे गेली, वकिलाची फी गेली, आणि त्या तीन वर्षांत दोन घरांतले येणेजाणे थंडावले ते अजून पूर्ववत झालेले नाही. माझ्या घरातल्या जुन्या पेटीत मुंबई राज्याच्या काळातला त्याच जमिनीचा मराठी कागद आहे. तो मला वाचता येतो, पण आज त्याचा उपयोग नाही.

दहा मुलांचा वर्ग

मग करायचे काय? 'मुलांना कन्नड किंवा इंग्रजी शाळेत घाला, प्रश्न मिटला' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या सल्ल्याची किंमत समजून घेतली पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. हे कलम राज्यपुनर्रचनेबरोबरच, १९५६ साली आले. त्याआधी १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने त्याचे माप ठरवले होते. शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा.

या मापाला दोन बाजू आहेत. दहा मुले असतील तर मागण्याचा आधार आहे. नऊच उरली तर तो आधार आपणच सोडल्यासारखे होते. आमच्या शेजारच्या एका खेड्यात मराठी शाळेच्या पहिलीत एका वर्षी सात मुले आली. शाळा वाचवा म्हणून सभा झाली, तावातावाने भाषणे झाली. सभेत बोललेल्यांपैकी निम्म्यांची नातवंडे इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून जात होती. मी त्यांना दोष देत नाही. माझा मुलगा इथे असता, तर त्यानेही कदाचित तेच केले असते. तरीपण १ जून १९८६ रोजी कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात ज्यांनी गोळ्या झेलून प्राण दिले, त्यांची आठवण दरवर्षी काढायची आणि पहिलीचा वर्ग रिकामा ठेवायचा, हे दोन्ही एकदम कसे जमते, ते आपण एकदा घरात बसून स्वतःला विचारायला हवे.

दुसरी गोष्ट कागदाची. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक असतात, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे सूत्र देशपातळीवर मान्य झालेले आहे. खानापूर तालुक्यात मराठी माणूस त्याहून किती तरी अधिक आहे. तेव्हा कन्नडबरोबर मराठीतही नोटीस आणि उतारा मिळावा, ही मागणी कोणाच्या विरुद्ध नाही. ती सोडू नये. मात्र ती पदरात पडेपर्यंत कन्नड वाचायला शिकू नये, असे कुठल्याही हुतात्म्याने सांगितलेले नाही. कन्नडची सक्ती नको म्हणणे वेगळे आणि कन्नड अक्षर ओळखीचे नको म्हणणे वेगळे. या दोन्हींची आपण गल्लत केली. तिची किंमत मी तीन वर्षे मोजली.

शिल्लक

पुण्याला गेलो तर हा कागदाचा खर्च वाचेल, असे मुलगा म्हणतो. ते खरे आहे. तिथे उतारा मराठीत मिळतो, बँकेत मराठी चालते, बसवरची पाटी वाचता येते. पण त्याची मुलगी, माझी नात, आठ वर्षांची आहे. दोन महिने मी तिला रोज गोष्ट सांगितली. तिला 'अठ्ठ्याहत्तर' म्हणजे किती, ते इंग्रजीतून सांगावे लागते. तिच्या मराठीवर कोणी सक्ती केलेली नाही, तिच्यासाठी कोणी मोर्चाही काढत नाही. तिथे मराठीला धोका आहे, असे कोणाला वाटतच नाही, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. इथे बाजारात, भजनात, भांडणात मराठी रोज वापरावीच लागते.

वहीची बेरीज मी तीनदा केली. पैशाच्या हिशेबात पुणे जिंकते, त्यात शंका नाही. औषधपाण्याच्या हिशेबातही पुणेच पुढे आहे. तरीही रात्री दोन वाजता दार वाजवण्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची, ते मला ठरवता आले नाही. सौ.ने वही पाहिली आणि विचारले, "गुडघ्याचं कुठं लिहिलंय?" ते लिहायचे राहून गेले होते. म्हणून असे ठरले, की पावसाळा संपला की दोन महिने पुण्याला जायचे, तिथे गुडघ्यांचे दाखवून घ्यायचे आणि नातीला पाढे शिकवायचे. घर विकायचे नाही. मे महिन्याच्या सुट्टीत नातीला इथे आणायचे, ही अट मुलाने मान्य केली आहे.

कौले फिरवणारी माणसे परवा येऊन गेली. पन्नासएक कौले फुटली होती, ती बदलली. अण्णांची नात आता कॉलेजात आहे. संध्याकाळी ती अर्धा तास मला कन्नड अक्षरे शिकवते आणि त्या बदल्यात माझ्याकडून जमाखर्च लिहायला शिकते. गेल्या आठवड्यात मी उतारा पुन्हा काढून आणला. मालकाच्या रकान्यातले माझे नाव मला वाचता आले. चुलतभावालाही मी बोलावले होते. तो आला, चहा घेतला, आणि त्याचे नाव कुठे आहे ते मी त्याला बोट ठेवून दाखवले.