दहा वर्षांची वर्गणी

नेटफ्लिक्स भारतात आलं ६ जानेवारी २०१६ रोजी. त्याला दहा वर्षं झाली. पण हिशेब मांडावासा वाटला तो या निमित्ताने नव्हे. १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हापासून तो मनात आहे. वर्षाचे १४९९ रुपये आधीच भरलेल्या माणसाला सांगण्यात आलं, की जाहिराती नको असतील तर आणखी ६९९ भरा. हे मला लागलं. कारण मध्ये जाहिरात नाही, या एका गोष्टीसाठी तर आम्ही खिशात हात घातला होता.

नेटफ्लिक्सआधीच्या वर्षांत मी रेंगाळणार नाही. भाड्याच्या कॅसेटी, केबलवाला, डीटीएचची पॅकेजं. जे लागेल ते, लागेल तेव्हा बघायचं. खरी उलथापालथ झाली २०१६ मध्ये. नेटफ्लिक्स आलं महिना ५०० रुपयांपासून. सप्टेंबरात जिओने डेटा स्वस्त केला. डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आलं, तेही वर्षाला ४९९ रुपयांत. हॉटस्टार आदल्या वर्षीपासून होतंच. झी५, सोनी लिव्ह, एमएक्स प्लेयर अशी रांग लागली आणि घराघरांत एकच प्रश्न सुरू झाला : कुठलं घ्यावं?

या प्रश्नाला भाव हे उत्तर कधीच पुरलं नाही, कारण भाव टिकलाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये प्राइमची वर्गणी ९९९ वरून १४९९ झाली आणि त्याच महिन्यात नेटफ्लिक्सने आपले दर उतरवले. मोबाइलपुरता प्लॅन १९९ वरून १४९ वर आला. २०२३ च्या जुलैत नेटफ्लिक्सने भारतात पासवर्ड वाटून घेणं बंद केलं. आईवडील नाशिकला, मुलगी पुण्याला शिकायला, असं घर त्यांच्या लेखी एक घर राहिलं नाही.

कुठे काय बघायला मिळतं, यावरही विसंबता आलं नाही. एचबीओच्या मालिका हॉटस्टारवर होत्या. ३१ मार्च २०२३ नंतर त्या तिथून गेल्या. मे महिन्यात जिओसिनेमाने त्याच मालिका ९९९ रुपये वार्षिक वर्गणीत दाखवायला सुरुवात केली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही सेवा एक होऊन जिओहॉटस्टार झालं. मालिका त्याच, आणि दोन्ही दारांत पैसे मोजणारा प्रेक्षकही तोच.

तरीही या दशकातली तीन-चार वर्षं मला मनापासून प्रिय आहेत. साधारण २०१९ ते २०२२. प्रत्येक कंपनीला दुसरीची धास्ती होती, ग्राहक कुठूनही आणायचा होता आणि म्हणून मराठीलाही दार उघडलं गेलं. एमएक्स प्लेयरवर ‘आणि काय हवं’ आली. जुई आणि साकेत या नवराबायकोच्या रोजच्या संसारावर तीन पर्व उभी राहिली. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून ‘समांतर’ झाली. ‘पिकासो’मध्ये कोकणातला दशावतारी बाप आणि चित्रं काढणारा त्याचा मुलगा थेट प्राइमवर आले. प्लॅनेट मराठी हे केवळ मराठीसाठीचं ॲप २०२१ मध्ये सुरू झालं.

आणि ‘द डिसायपल’. व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवून चैतन्य ताम्हाणेचा हा चित्रपट ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. त्यातला गाणं शिकणारा शरद रात्रीच्या मुंबईत संथपणे मोटरसायकल चालवतोय आणि कानात गायिका माईंची शिकवण चालू आहे, ते दृश्य मी कितीदा तरी पाहिलं. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. चित्रपट घरोघरी पोहोचण्याच्या अकरा दिवस आधी त्या गेल्या. कोविडने थिएटरं मिटलेली असताना हा चित्रपट सांगलीला, सोलापूरला, सिंगापूरला एकाच दिवशी बघता आला. हे देणं मी नाकारणार नाही.

पुढे कंपन्यांची विलीनीकरणं झाली, धास्ती संपली आणि ओघ आटला. वूट जिओसिनेमात गेलं, एमएक्स प्लेयर ॲमेझॉनकडे. सोनी लिव्हची ‘मानवत मर्डर्स’ आणि झी५ची ‘अंधार माया’ अलीकडे आल्या, त्याचा आनंद आहे. पण अशी नावं आता बोटांवर मोजावी लागतात. यावर ठरलेलं उत्तर ऐकू येतं : मराठी माणूस पैसे मोजत नाही. हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि ते खोटं आहे. २०१६ मध्ये ‘सैराट’ला याच माणसाने गर्दी केली. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका घोळक्याने गेल्या, पुन्हापुन्हा गेल्या. नाटकाची तिकिटं तो आजही काढतो. तो पैसे मोजतो. त्याच्यासाठी काही केलेलं असावं, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

म्हणून आता कुठलं घ्यावं असं कुणी विचारलं, तर मी तीन गोष्टी बघायला सांगतो. गेल्या वर्षभरात त्यांनी मराठीत नवं काय केलं? आधीचं अजून तिथे आहे का? आणि आज भरलेल्या पैशांत जे कबूल केलंय ते वर्ष संपेपर्यंत तसंच राहील का? तिसऱ्याची खात्री कुणीच देत नाही. तेव्हा वर्षाची वर्गणी भरू नये. महिन्याची भरावी, हवं ते बघावं, बंद करावी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रेक्षकाच्या हातात नाही. ॲपवरच जन्मलेल्या कलाकृतीची ना रिळं असतात, ना बहुधा डीव्हीडी. करार संपला किंवा कंपनी बुडाली, की ती बघायची कुठे? पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्या संग्रहालयात किंवा राज्याच्या स्वतःच्या संग्रहात प्रत्येक मराठी वेबमालिकेची आणि थेट ॲपवर आलेल्या चित्रपटाची एक प्रत जमा व्हावी, असा नियम शासनाने करावा. पुढचं विलीनीकरण कधीही होईल. हा नियम त्याआधी व्हायला हवा.