गोळी नको, सुई मारा!

सोयाबीनची काढणी सुरू झाली की नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत, कंबर धरून बसलेल्यांच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "डॉक्टरसाहेब, गोळी नको, सुई मारा." डायक्लोफिनॅकचे ७५ मिलिग्रॅम कुल्ल्यात जातात आणि थोड्या वेळात माणूस ताठ उभा राहतो. गुण आला!

पण एखादा पाय ओढत परत येतो. सुई टोचताच टाचेपर्यंत कळ गेली होती, तेव्हापासून पंजाच वर उचलत नाही. चालताना चप्पल निसटते, अंगठा उंबऱ्याला ठेचकाळतो. लोक म्हणतात, 'रिॲक्शन आली'. रिॲक्शन कसली? कुल्ल्याच्या आतल्या-खालच्या भागातून सायटिक नस जाते, जवळपास अंगठ्याएवढी जाड. सुई चुकून तिथं पोचली की पंजा उचलणाऱ्या स्नायूंना हुकूमच जात नाही. स्नायू धडधाकट असतो, पण लुळा पडतो.

दोष एकट्या सुईच्या टोकाचाही नाही. उंदरांच्या नसेत डायक्लोफिनॅक टोचून पाहिलं, तेव्हा नसेचे धागे आणि त्यांवरचं आवरण दोन्ही खराब झाल्याचं दिसलं. पोटातून घेतलेलं तेच औषध रक्तात पातळ होऊन सगळीकडे पसरतं. म्हणून गोळी खाणाऱ्यानं लकव्याची धास्ती घेऊ नये. तिचा धाक वेगळा आहे : पोटातला अल्सर, हृदयावरचा ताण आणि मूत्रपिंडाचा बिघाड. उन्हात पाण्याविना ऊस तोडायचा आणि वर रोज दुखण्याची गोळी घ्यायची, हे मला सुईपेक्षाही जास्त खुपतं.

सुई आणि लुळेपण यांचं नातं जुनं आहे. पोलिओचा विषाणू अंगात असताना ज्या हातापायात सुई दिली, तोच लुळा पडण्याचा धोका वाढतो, हे इंग्लंडमध्ये १९५० च्या सुमारास लक्षात आलं. आपल्याकडे मात्र ताप आला की लेकराला सुई, हा शिरस्ता पुढंही कितीतरी वर्षं चालला.

सुई घ्यावीच लागली, तर ती कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या भागात किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायला सांगा. बारीक अंगाच्या माणसाला आणि लेकरांना तर मांडीतच. टोचताच पायात कळ गेली, तर लाजू नका, तिथंच "थांबा" म्हणा. पंजा उचलेनासा झाला, तर मालीशवाल्याकडे दिवस घालवू नका. नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.